डबा आणि पिशवी

इर्शादने बोनेटवर कालचा पेपर पसरला
आणि ब्रेक पॅडचे दोन जोड शेजारी शेजारी मांडले,
बस्त्याला साड्या दाखवतात तसे.
डावीकडे कंपनीचा डबा, होलोग्रामचं गंध लावलेला,
एकवीसशे चाळीस.
उजवीकडे प्लास्टिकची पिशवी, रबर गुंडाळलेली,
सातशे, घासाघीस वेगळी.
‘वहिनी, गाडी तुमची, पैसा तुमचा,’ तो म्हणाला,
‘मी नुसता पाना.’

गॅरेजसमोर वलांडी रिकामी उभी होती.
हर्णैला हवाच खारवलेली.
इथे सायलेन्सर तीन पावसाळे काढतो, चौथ्याला बासरी होतो;
दाराच्या कडेला बोट लावलं तर
मिरगुंडासारखी तुटते.
माझ्या इकोचा मूळ रंग कुणी विचारला
तर डिकीचं कार्पेट उचलून दाखवावा लागतो.

आजवर मी पिशवीवाली.
वायपर खेडच्या बाजारातला,
हॉर्न असा की शेळ्या ओळखीने वळून बघतात,
मधल्या दाराचं हँडल कुठल्या गाडीचं, देव जाणे:
ते फक्त दुसरीतल्या सुमय्याला उघडता येतं
आणि युक्ती ती कुणाला सांगत नाही.
इर्शादने कधी हरकत घेतली नाही.
आज मात्र पान्याने कान खाजवत म्हणाला,
‘आरसा लोकल चालतो, वहिनी.
आरशात मागचं बघायचं असतं.’

मी मनात हिशेब मांडला.
अकरा पोरं, साडेसहाशे दरमहा.
त्यातल्या चौघांचे बाप खलाशी, होड्या वर ओढलेल्या.
त्यांच्याकडे नारळी पुनवेपर्यंत मागायचे नाहीत
हे मीच ठरवलंय.
हप्ता मात्र बँकेने ठरवलाय.

‘फरक काय असतो रे, खरं सांग.’
‘खरं? कधीकधी काहीच नाही.
माझा चुलता घाटावर पॅकिंगला होता.
एकाच ट्रेमधला माल, अर्धा डब्यात, अर्धा पिशवीत.’
‘कधीकधी?’
‘कधीकधी. आणि कधीकधी डबाच खोटा असतो.’

मग त्याने एकेक पॅड हातात घेतला,
तोलला, नखाने खरवडला, चक्क हुंगला.
मला कुसुम पावसेची पाटी आठवली.
कल्ला लाल आहे का ते मी अजून बघते, सवय म्हणून,
पण हल्ली लाल रंगही लावतात म्हणे.
तेव्हा खरं तर मी कल्ला बघतच नाही,
कुसुमकडे बघते,
आणि ती नजर चुकवते त्या दिवशी
अंडी घेऊन घरी जाते.

इर्शादने नजर चुकवली नाही.
डबा माझ्याकडे सरकवला,
पिशवीला परत रबर लावलं.
‘मागचे लायनर लोकल टाकू,’ म्हणाला, ‘पुढे हे.
पैसे पुनवेनंतर.’

सोमवारी आसूदच्या उतारावर, बागेतून
एक म्हैस आली, रस्ता तिच्या सातबाऱ्यावर असल्यासारखी.
पाय दिला.
इको थांबली शिंगापासून हातभर,
आणि अकरा दप्तरं माझ्या मानेवर.
क्षणभर कुणी बोललं नाही.
मग मागून, ‘मावशी, परत कर ना!’

पहिलीतल्या निहारचा दात,
चार दिवस लोंबकळत होता तो,
त्या धक्क्यात पडला. त्याने भोकाड पसरायच्या आत
पोरांनी ठराव केला, दात ठेवायचा
डॅशबोर्डवरच्या रिकाम्या डब्यात.
तिथे तो आहे अजून, होलोग्रामखाली.

शाळेपाशी दार नेहमीसारखं अडलं.
सुमय्या पुढे सरकली.
‘सगळ्यांनी डोळे मिटा,’ म्हणाली.
मीही मिटले.